फ्रेडरिक्सबर्ग, टेक्सास : जर्मन वारसा नेमका कशात टिकला आहे?

वाघूरकाठ (भुसावळ) :

सर्व सदस्यांस नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात सध्या ‘स्थलांतरितांनी वसवलेली गावे’ हा विषय चालू आहे आणि अमेरिकेतील जर्मन वसाहतींपैकी एका लहान शहराचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी टेक्सास राज्यातील फ्रेडरिक्सबर्ग निवडले. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १०,८७५ आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने ते एखादे मोठे बाजारगावच ठरेल. तरीही १८४६ मध्ये वसलेल्या या गावाची जर्मन म्हणून असलेली ओळख पावणेदोनशे वर्षांनंतरही पुसलेली नाही, असे सगळीकडे लिहिलेले आढळते.

अडचण अशी की हाती लागणारा बराचसा मजकूर पर्यटकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. त्यात सॉसेज, बिअर, ऑक्टोबरचा उत्सव आणि सजवलेली दुकाने यांची वर्णने भरपूर आहेत, परंतु ही माणसे का आली, त्यांना जमीन कोणी दिली, त्या जमिनीवर आधी कोण राहत होते आणि त्यांची भाषा किती पिढ्या टिकली, याविषयी दोन-चार ओळींपलीकडे काही नाही.

हा प्रश्न मला आपल्याकडच्या एका अनुभवामुळे महत्त्वाचा वाटतो. खानदेशातून सुरतेस गेलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी आता तेथेच वाढत आहे. श्रावणात कानबाईची स्थापना तेथेही तितक्याच निष्ठेने होते, पण अहिराणी मात्र नातवंडांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. सण टिकतो आणि बोली जाते, असेच फ्रेडरिक्सबर्गमध्येही घडले का, की तेथील क्रम वेगळा होता? ज्यांनी हे गाव पाहिले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठ (मूळ धुळे, सध्या सॅन अँटोनियो) :

नमस्कार दादा. नोकरीनिमित्त मी सॅन अँटोनियोला राहतो. फ्रेडरिक्सबर्ग येथून वायव्येस सुमारे ११० किलोमीटरवर, हिल कंट्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चुनखडीच्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे, आणि तेथे माझे नेहमी जाणे होते. आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण दुकानांच्या रांगेच्या मागे जे गाव आहे, त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही.

सुरुवात जमिनीपासून करतो, कारण या गावाची सगळी घडण जमिनीच्या वाटपातून झाली आहे. १८४२ मध्ये जर्मनीतील काही सरदार-संस्थानिकांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापन केले, ज्याला इतिहासात आडल्सफेराइन म्हणतात. गरीब शेतकरी आणि कारागीर यांना टेक्सासमध्ये नेऊन वसवावे, त्यातून देशातील लोकसंख्येचा भार हलका व्हावा आणि पुढेमागे व्यापारी लाभही व्हावा, असा त्यांचा विचार होता. मंडळाने लानो आणि कोलोरॅडो या नद्यांमधील तीस लाख एकरांहून अधिक प्रदेशावरील वसाहतीचे हक्क प्रत्यक्ष जागा न पाहताच घेतले आणि प्रत्येक कुटुंबाला ३२० एकर, तर अविवाहित पुरुषाला १६० एकर देण्याचे आश्वासन दिले. तो प्रदेश कोमान्ची या तेथील मूळ आदिवासी लोकांचा होता आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत होता.

मंडळाचा पहिला प्रतिनिधी राजपुत्र कार्ल याने १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स हे पहिले गाव वसवले. त्याच्या जागी आलेला ओटफ्रीड हान्स फॉन मॉयझेबाख हा अधिक व्यवहारी आणि धीराचा माणूस होता. टेक्सासमध्ये पाऊल ठेवल्यावर त्याने आपली सरदारकीची पदवी बाजूला ठेवली आणि जॉन ओ. मॉयझेबाख हे साधे नाव घेतले. पुढे वचन दिलेल्या प्रदेशाकडे जाताना मुक्कामाचे ठिकाण असावे म्हणून त्याने दुसऱ्या गावाची जागा निवडली आणि ८ मे १८४६ रोजी सुमारे १२० माणसांची पहिली तुकडी न्यू ब्राउनफेल्सहून सोळा दिवसांचा प्रवास करून तेथे पोहोचली. प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक हा मंडळाचा सदस्य होता. त्याचे नाव गावाला देण्यात आले. प्रत्येक कुटुंबाला गावठाणात एक भूखंड आणि गावाबाहेर दहा एकर शेत मिळाले. ३२० एकरांच्या आशेने समुद्र ओलांडलेल्या माणसांच्या हाती प्रत्यक्षात एवढेच आले, ही गोष्ट पर्यटनपत्रिकांत सापडत नाही. त्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्याने गाड्या आणि बैल लष्कराने भाड्याने उचलले, आणि किनाऱ्यावर अडकून पडलेल्या हजारो जर्मनांपैकी कितीतरी जण रोगराईने तेथेच किंवा वाटेत मरण पावले. मंडळ स्वतः थोड्याच काळात कर्जबाजारी झाले. वसाहत मात्र उभी राहिली, आणि ती तेथे उतरलेल्या माणसांच्या कष्टांमुळे उभी राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावात शिरल्यावर प्रथम जाणवते ती मुख्य रस्त्याची रुंदी. बैल जुंपलेल्या लांब गाड्यांना वळण घेता यावे एवढा तो मुळातच रुंद आखलेला आहे. जुनी घरे लाकडी चौकटीत चुनखडीचे दगड भरून बांधलेली आहेत. जर्मनीतील पद्धतच येथील ओक लाकडाशी आणि दगडाशी जुळवून घेतलेली. रस्त्याजवळच्या बाजार चौकात फेराइन्स किर्खे ही अष्टकोनी इमारत आहे. मूळ इमारत १८४७ मध्ये भर रस्त्याच्या मध्यभागी उभारली होती आणि निरनिराळ्या पंथांचे लोक तीत आळीपाळीने प्रार्थना करीत. शाळा, सभागृह आणि वेळ आलीच तर आश्रयाची जागा, असा तिचा उपयोग होता. गावाची पन्नाशी साजरी झाल्यानंतर ती पाडण्यात आली आणि आज दिसते ती १९३० च्या दशकात बांधलेली प्रतिकृती आहे. वारसा जपणारे गाव म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याने आपली सर्वांत जुनी सार्वजनिक वास्तू स्वतःच पाडली आणि चाळीसेक वर्षांनी पुन्हा बांधली, ही बाब आपल्या मंडळात अवश्य मांडावी.

माझ्या मते या गावाचे खरे वैशिष्ट्य मात्र ‘रविवारची घरे’ हे आहे. दूरच्या शेतांवर आणि गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या कुटुंबांनी गावात एका खोलीची, वर माळा असलेली छोटी घरे बांधली. माळ्यावर जाण्याचा जिना पुष्कळदा बाहेरूनच असे. शनिवारी यायचे, बाजार करायचा, नातेवाइकांना भेटायचे, रविवारी चर्चला जाऊन संध्याकाळी शेतावर परतायचे, असा तो क्रम होता. मुले शाळेला लागली की ती येथे राहत आणि म्हातारपणी शेत मुलाच्या हाती दिल्यावर आईवडील येथेच येऊन राहत. आठवड्यातून एकदा सगळा परिसर एकाच भाषेत बोलत, एकाच रस्त्यावर एकत्र येत होता, हे भाषेच्या दृष्टीने केवढे मोठे बळ असेल याचा विचार करावा. मोटार आली, तासाभरात शेतावर परतता येऊ लागले आणि या घरांचे प्रयोजन संपले. आज त्यांतील बरीच घरे पाहुण्यांना भाड्याने दिली जातात.

आणखी एक, आपण भुसावळचे म्हणून मुद्दाम लिहितो. या गावाला रेल्वे मिळाली ती १९१३ मध्ये, म्हणजे वसाहतीनंतर सदुसष्ट वर्षांनी. त्यासाठी डोंगरातून नऊशे फुटांहून लांब बोगदा खणावा लागला. १९४२ मध्ये मार्ग बंद झाला, रूळ काढले गेले आणि बोगद्यात वटवाघळांनी वस्ती केली. उन्हाळ्यात तेथून लाखो वटवाघळे संध्याकाळी बाहेर पडतात आणि ते पाहण्यासाठी माणसे जमतात. इतकी वर्षे रेल्वे नसणे हे गावच्या व्यापाराला जाचक ठरले असणार, पण भाषा टिकण्यास त्याच एकाकीपणाचा हातभार लागला असावा, असे मला वाटते.

बोरीकाठ (निवृत्त इतिहास शिक्षक, अमळनेर) :

पांझराकाठ यांनी पाया उत्तम घातला आहे. भाषेचा प्रश्न पुढे नेतो, कारण वाघूरकाठ यांचा मूळ रोख तोच आहे.

चर्चमधील प्रवचन, शाळेतील धडे, वर्तमानपत्र, गायनमंडळ, नेमबाजीचा संघ, दुकानातील हिशेब ही सर्व कामे जर्मनमध्ये चालत होती, तोवर भाषा वेगळी जपावी लागत नव्हती. शेजारच्या न्यू ब्राउनफेल्समधील ‘न्यू ब्राउनफेल्सर त्साइटुंग’ हे पत्र १८५२ मध्ये निघाले आणि १९५७ पर्यंत जर्मनमध्ये छापले जात होते. शंभर वर्षांहून अधिक काळ एक लहानसे वर्तमानपत्र परभूमीत आपल्या भाषेत चालते, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. जर्मनीच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या लोकांच्या बोली येथे एकमेकींत मिसळल्या, इंग्रजीतील शब्द त्यांत आले आणि ‘टेक्सास जर्मन’ म्हणून ओळखली जाणारी स्वतंत्र बोली तयार झाली.

ती ओसरण्याची कारणे स्पष्ट आहेत. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि १९१८ मध्ये टेक्सासने सार्वजनिक शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचा कायदा केला. ज्या भाषेत आजीने अंगाई म्हटली, ती रस्त्यात बोलणे संशयास्पद ठरू लागले. दुसऱ्या महायुद्धाने उरलेसुरले बळ हिरावून घेतले. मुले सैन्यात गेली, नोकऱ्यांसाठी शहरांत गेली, जर्मन न जाणणाऱ्यांशी त्यांचे विवाह झाले आणि आईवडिलांनी मुलांशी इंग्रजीत बोलण्याचा निर्णय घेतला. हा शेवटचा निर्णय कायद्यापेक्षाही परिणामकारक असतो, असे मी शिक्षक म्हणून आयुष्यभर पाहत आलो आहे. २००१ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात हान्स बोआस या भाषाशास्त्रज्ञाने टेक्सास जर्मन बोलणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प सुरू केला. आता उरलेले भाषक बहुतेक सगळे वृद्ध आहेत. तेव्हा वाघूरकाठ, आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की होय, क्रम तोच होता; सण, पदार्थ आणि संघ राहिले, बोली गेली. फरक इतकाच की तेथे ती जायला चार-पाच पिढ्या लागल्या, आणि त्याचे श्रेय मी भावनेला न देता शाळा, चर्च आणि छापखाना यांना देईन.

आता या गावाच्या इतिहासातील अधिक कठीण भागाविषयी लिहितो. १८६१ मध्ये टेक्सासने अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघावे की नाही यावर मतदान झाले, तेव्हा फ्रेडरिक्सबर्ग ज्या गिलेस्पी परगण्यात आहे, तेथील सुमारे ९६ टक्के मते फुटून निघण्याच्या विरोधात पडली. संपूर्ण राज्याचा कौल नेमका उलटा होता. या परगण्यात गुलाम ठेवणारे फारच थोडे होते आणि ज्या देशाने आसरा दिला, त्याच्याशी केलेली शपथ मोडण्यास हे लोक तयार नव्हते. ऑगस्ट १८६२ मध्ये हिल कंट्रीतील साठाहून अधिक तरुण, बहुतेक जर्मन, मेक्सिकोच्या दिशेने निघाले असता न्यूएसेस नदीजवळ फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या फौजेने १० तारखेच्या पहाटे त्यांच्यावर हल्ला केला. १९ जण लढताना पडले आणि जखमी होऊन हाती लागलेल्या ९ जणांना नंतर ठार करण्यात आले. कम्फर्ट या जवळच्या गावात १८६६ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ‘त्रॉये देर उनियोन’, म्हणजे ‘संघराज्याशी निष्ठा’, हे शब्द जर्मनमध्ये कोरलेले आहेत. पुढेही गिलेस्पी परगण्यात टोळ्यांनी अनेकांना रात्री घरातून ओढून नेऊन फासावर लटकावले. अर्थात सगळे जर्मन एका बाजूला होते असेही नव्हे. गावातील प्रसिद्ध हॉटेलचा मालक चार्ल्स निमिट्झ हा दक्षिणेच्या बाजूने सैन्यभरतीचे काम पाहत होता, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतले ते वैर बरीच वर्षे धुमसत राहिले असल्यास नवल नाही.

याच चार्ल्स निमिट्झचा नातू म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील अमेरिकी आरमाराचे नेतृत्व करणारा चेस्टर निमिट्झ. त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १८८५ रोजी फ्रेडरिक्सबर्गमध्ये झाला. वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते आणि पूर्वी जहाजावर नोकरी केलेल्या आजोबांचा सहवास त्याला लाभला. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर अमेरिकेच्या वतीने त्याने सही केली. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे म्हणजे १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी काश्मीरमधील नियोजित सार्वमताचा प्रशासक म्हणून याच निमिट्झची नेमणूक केली होती. ते सार्वमत झाले नाही आणि तो पदभार प्रत्यक्षात आलाच नाही. आजोबांच्या हॉटेलच्या जागी आता पॅसिफिक युद्धाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात जपानने भेट दिलेली शांती-बाग आहे. जर्मन घराण्यात जन्मलेला मुलगा अमेरिकेचा सेनानी होतो आणि त्याच्या गावात जपानी लोक बाग लावून देतात, या घटनाक्रमाला ‘जर्मन वारसा’ हे नाव अपुरे पडते.

सातपुडा (तळोदा) :

दोन्ही ज्येष्ठांचे लेखन वाचले. एक गोष्ट अजून आलेली नाही, ती मांडतो. फ्रेडरिक्सबर्गविषयी लिहिणारा प्रत्येक जण मॉयझेबाखने १८४७ मध्ये कोमान्चींच्या पेनाटेका या शाखेशी केलेल्या कराराचा अभिमानाने उल्लेख करतो आणि ‘कधीही न मोडलेला करार’ असे त्याचे वर्णन करतो. मॉयझेबाखचे धाडस खरे होते, याविषयी शंका नाही. अधिकाऱ्यांनी पाठवलेला धोक्याचा इशारा मिळूनही तो थोड्या सोबत्यांसह कोमान्ची प्रदेशात आत गेला, तेथील प्रमुखांशी समोरासमोर बोलला आणि ९ मे १८४७ रोजी फ्रेडरिक्सबर्गमध्ये करारावर सह्या झाल्या. जर्मनांनी सॅन साबा नदीच्या परिसरात जमीन मोजणी करावी, कोमान्चींनी गावात निर्भयपणे ये-जा करावी, दोघांनी एकमेकांना त्रास देणाऱ्यांविषयी कळवावे आणि मंडळाने भेटवस्तू द्याव्यात, अशा त्याच्या अटी होत्या. त्या काळात अशा बोलणीसाठी कोणी इतका विश्वास टाकून जात नसे, हेही मान्य.

परंतु करार ज्या एका शाखेशी झाला, तिचे पुढे काय झाले हे विचारल्याशिवाय ‘न मोडलेला’ हा शब्द वापरणे मला योग्य वाटत नाही. करारानंतर बारा वर्षांनी, १८५९ मध्ये, टेक्सासमधील राखीव क्षेत्रात ठेवलेल्या पेनाटेकांना राज्याबाहेर, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आले. मोडण्यासाठी समोर दुसरा पक्षच उरला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, वनजमिनीचे दावे पिढ्यानपिढ्या लढवणाऱ्या आम्हा लोकांना ही वाक्यरचना परिचयाची आहे. मोजणी करणारा येतो, समझोता होतो आणि काही वर्षांनी कागदावर एकाच बाजूचे नाव राहते. आपल्या परिचयात पेनाटेकांची ही पुढील हकीकत यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ईस्टरच्या आदल्या रात्री भोवतालच्या टेकड्यांवर शेकोट्या पेटवण्याची प्रथा गावात होती. त्या शेकोट्या वाटाघाटींच्या वेळी कोमान्चींनी पेटवल्या होत्या आणि घाबरलेल्या मुलांना आईने ‘ईस्टरचा ससा अंडी रंगवण्यासाठी रंग उकळतो आहे’ असे सांगितले, अशी कथा आहे. प्रत्यक्षात ईस्टरच्या शेकोट्या ही उत्तर जर्मनीतील जुनी प्रथा आहे. म्हणजे स्थलांतरितांनी आपली प्रथा सोबत आणली आणि नव्या भूमीतील भीती तिच्यात मिसळून टाकली. अभ्यासासाठी ही कथा मोठ्या मोलाची आहे, मात्र घडलेला इतिहास म्हणून ती सांगू नये.

पांझराकाठ :

सातपुडा भाऊ, आपला आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. मी एक भर घालतो. करारामुळे पेनाटेकांशी व्यापार चालला आणि सुरुवातीची वर्षे गावाला तुलनेने शांततेत काढता आली, ही करारामागची खरी प्राप्ती होती. परंतु तो सर्व कोमान्चींशी झालेला नव्हता, आणि उत्तर-दक्षिण यादवीच्या काळात व नंतर आजूबाजूच्या शेतवस्त्यांवर हल्ले झाले, त्यांत मुले पळवून नेण्याचेही प्रकार घडले. ‘कधीही न मोडलेला’ या चार-दोन शब्दांत दोन्ही बाजूंचे हे सर्व झाकले जाते.

केळीचा मळा (रावेर) :

आतापर्यंतचे वाचून समाधान झाले, पण एक विचारतो. या गावाचे पोट कशावर चालते? रविवारच्या घरांत येणारे शेतकरी काय पिकवत होते आणि आज काय पिकवतात?

पांझराकाठ :

अण्णा, प्रथम मका, गहू आणि गुरे, पुढे मेंढ्या आणि शेळ्या. जमीन पातळ, खाली खडक आणि पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे श्रीमंती अशी कधी नव्हती. गिलेस्पी परगण्याची जत्रा १८८१ पासून चालू आहे आणि तिचा गाभा आजही गुरे, धान्य आणि घरगुती पदार्थ यांच्या स्पर्धांचा आहे. विसाव्या शतकात पीच या फळाने गावाला नाव मिळवून दिले. टेक्सासमध्ये सर्वाधिक पीच याच परगण्यात होते. मेअखेरपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या स्वतःच्या टपऱ्या लागतात आणि माल व्यापाऱ्याकडे न जाता थेट गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. आपल्या केळीला थंडीचा चरका बसतो, तर पीचला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी मिळालीच पाहिजे, नाहीतर फुलोरा धड येत नाही. आणि फुलोरा आल्यावर मार्चमध्ये हिमतुषार पडले, तर एका रात्रीत वर्षाचे पीक जाते. त्यामुळे सलग चांगली वर्षे मिळणे कठीण.

गेल्या तीन-चार दशकांत द्राक्षांनी आणि वाइनने हे चित्र बदलले. १९८६ मध्ये याच परगण्यातील बेल माउंटन या भागाला वाइनसाठी अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला, पूर्णपणे टेक्सासच्या हद्दीत असलेला व असा दर्जा मिळवणारा तो पहिला. आता महामार्ग २९० च्या दोन्ही बाजूंना वाइनगृहे आहेत आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. पैसा आला, जुनी घरे दुरुस्त झाली, दगडी भिंतींना नवे छप्पर मिळाले. परंतु जमिनीचे आणि घरांचे भाव इतके वाढले आहेत की दुकानात आणि हॉटेलात काम करणाऱ्या अनेकांना गावात राहणे परवडत नाही आणि ते दुरून ये-जा करतात. ज्या कुटुंबांच्या नावाने रविवारची घरे ओळखली जातात, त्यांतील काही आजही परगण्यात शेती करतात.

वाघूरकाठ दादा, आपल्या मंडळासाठी फेराइन्स किर्खे, एक रविवारचे घर, कम्फर्टचे स्मारक आणि पीचची टपरी यांची छायाचित्रे मी काढून पाठवतो. पेनाटेकांविषयी मात्र गावच्या पाट्यांवर भरवसा न ठेवता कोमान्ची राष्ट्राच्या स्वतःच्या संग्रहालयाने काय मांडले आहे ते पाहावे. ते संग्रहालय ओक्लाहोमातील लॉटन येथे आहे.

वाघूरकाठ :

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. परिचयाची मांडणी आता बदलतो. सुरुवात ३२० एकरांच्या वचनापासून आणि प्रत्यक्ष मिळालेल्या दहा एकरांपासून करीन, करारानंतर लगेच १८५९ ची हकीकत घेईन आणि भाषेचा भाग शाळा व वर्तमानपत्र यांच्या अनुषंगाने मांडीन. बोरीकाठ सर, अमळनेरहून येणे जमणार असेल तर यादवीचा भाग आपणच मांडावा, ही विनंती. तारीख वाचनालयाकडून नक्की झाली की येथेच कळवतो.